पाणी नितळ, तरी मासे का मरतात?

घरातल्या फिशटँकबद्दल एक समज फार घट्ट बसलेला आहे. पाणी जरा गढूळ दिसू लागले की मासे बादलीत काढायचे, टाकी रिकामी करायची, खडी आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुवायचा, काचा घासायच्या आणि ताजे पाणी भरून मासे परत सोडायचे. टाकी लख्ख दिसते. पण दोन-चार दिवसांत मासे वर येऊन धापा टाकू लागतात आणि एकेक करून मरतात. मग दोष दुकानदाराला दिला जातो, माशांच्या जातीला दिला जातो, नाहीतर नशिबाला. प्रत्यक्षात अनेकदा मासे या साफसफाईनेच मरतात. माशाच्या दृष्टीने स्वच्छ पाणी कोणते हे आपल्या डोळ्यांना कळत नाही. ते पाण्यात काय विरघळले आहे यावर ठरते. आणि विरघळलेला पदार्थ किती घातक ठरेल, हे आपल्या घरात पाणी कुठून येते यावर बरेचसे अवलंबून असते. म्हणून टाकी घासायला घेण्याआधी आपल्या पाण्याची नीट ओळख करून घ्यायला हवी.

मासा आपल्या शरीरातला बहुतेक टाकाऊ नायट्रोजन कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात थेट पाण्यात सोडतो. तळाला साचलेली विष्ठा दिसते, हा अमोनिया दिसत नाही. खाल्ले न गेलेले अन्न आणि कुजलेली पाने त्यात भर घालतात. नदीत किंवा तलावात तो प्रचंड पाण्यात विरून जातो. टाकीत मात्र तो साचतो आणि कल्ले जाळतो. पाणी नितळ असतानाही मासा गुदमरतो तो यामुळे. 1850च्या सुमारास लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून पाणी न बदलता टाकी टिकवून दाखवली, आणि टाकीच्या आत एक समतोल उभा राहू शकतो हे लोकांच्या लक्षात आले. त्या समतोलातले सर्वांत कष्टाळू सजीव तेव्हा माहीत नव्हते. ते होते जिवाणू. 1890च्या आसपास सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसरे काही नायट्राइटचे नायट्रेट. नायट्राइटही विषारीच असते. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची शक्ती काढून घेते आणि माशाचे रक्त तपकिरी पडते. नायट्रेट त्या मानाने पुष्कळ सौम्य असते.

हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर आणि काचेवर बुळबुळीत थर करून राहतात. नायट्राइटवर काम करणारे जिवाणू नेमके कोणते, याचा शोध 1998 साली खास गोड्या पाण्याच्या फिशटँकमध्येच घेतला गेला, तेव्हा तिथे नायट्रोस्पिरा गटातले जिवाणू आढळले. 2015 मध्ये याच गटातल्या, अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचे संपूर्ण काम एकट्याने करणाऱ्या जिवाणूंचा शोध जाहीर झाला, आणि त्यांतले काही मत्स्यसंवर्धनाच्या टाकीतल्या फिल्टरमधूनच मिळवलेले होते. आपण ज्याला घाण समजून नळाखाली धुतो, तो थर म्हणजे टाकीचे जिवंत शुद्धीकरण केंद्र असते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या नळपाण्यात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे लागते. आपल्या पोटासाठी ते हितकारक आहे, या थरासाठी मारक. तो धुऊन गेला की अमोनिया पचवणारे कोणी उरत नाही आणि नवा थर तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. नवीन टाकीत पहिल्याच दिवशी दहा-बारा मासे सोडले की ते पटापट मरतात, त्याचे कारणही हेच.

इथपर्यंतची गोष्ट जगात कुठेही सारखीच. यापुढे पाण्याचे गाव महत्त्वाचे ठरते. जयपूरच्या दक्षिणेला टोंक रस्त्यावरच्या सीतापुरा या औद्योगिक वसाहतीचे उदाहरण घेऊ. रत्ने, दागिने, तयार कपडे यांचे कारखाने आणि अनेक महाविद्यालये असल्याने इथे दूरदूरची माणसे येऊन राहतात. जयपूरला बनास नदीवरच्या बिसलपूर धरणाचे पाणी मिळते, पण शहराच्या वाढत्या कडांना बोअर आणि टँकर यांचाही आधार घ्यावा लागतो. राजस्थानच्या बऱ्याच भागांतले भूजल क्षारांनी जड असते. फ्लोराइड आणि नायट्रेट यांचीही तिथे जुनी तक्रार आहे. असे जड पाणी सहसा अल्कधर्मी असते, म्हणजे त्याचा सामू, ज्याला पीएच म्हणतात, आठच्या आसपास किंवा वर असतो. पाण्यातल्या अमोनियाचा काही भाग निरुपद्रवी अमोनियम रूपात असतो आणि काही विषारी मुक्त अमोनियाच्या रूपात. 25 अंश तापमानाला सामू 7 असेल तर विषारी भाग अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. सामू 8 झाला की तो पाच टक्क्यांवर जातो आणि 8.5 ला सुमारे पंधरा टक्क्यांवर.

हा फरक व्यवहारात किती मोठा आहे, ते साध्या हिशेबाने दिसते. दोन फुटी टाकीत साधारण 50 लिटर पाणी मावते. 40 टक्के प्रथिने असलेले एक ग्रॅम खाद्य जास्त पडले आणि कुजले, तर त्यातून सुमारे 64 मिलिग्रॅम नायट्रोजन सुटतो, म्हणजे लिटरमागे जवळजवळ 1.3 मिलिग्रॅम. सामू 7 असलेल्या पाण्यात त्यातला विषारी भाग 0.01 मिलिग्रॅमच्याही खाली राहतो. सामू 8 असेल तर तो 0.07 च्या घरात जातो, आणि 0.05 च्या आसपास कल्ल्यांना इजा होऊ लागते असे मत्स्यशेतीत मानतात. एकच चूक, तेच मासे, तीच टाकी; एका पाण्यात ती खपून जाते आणि दुसऱ्यात जीव घेते. जालना, लातूर, सोलापूरकडे बोअरच्या जड पाण्यावर टाकी ठेवणाऱ्यांनी स्वतःला सीतापुऱ्याच्याच रांगेत धरावे.

मुंबईची अडचण याच्या उलट आहे. तानसा, भातसा यांसारख्या जलाशयांतून येणारे पावसाचे पाणी हलके असते. अमोनिया पचवताना जिवाणू पाण्यातला क्षारीय साठा खर्च करतात. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे सात मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी क्षारता संपते. हलक्या पाण्यात ती मुळातच थोडी असल्यामुळे महिनोन् महिने पाणी न बदललेल्या टाकीचा सामू घसरत जातो, जिवाणू मंदावतात आणि अमोनियम साचत राहते. सामू कमी आहे तोवर ते त्रास देत नाही. मग एखाद्या रविवारी अर्धी टाकी उपसून ताजे पाणी भरले जाते, सामू एकदम चढतो, साचलेले अमोनियम विषारी अमोनियात बदलते आणि स्वच्छतेच्याच दिवशी मासे मरतात. दोन शहरांतली दोन वेगळी कारणे शेवटी एकच गोष्ट सांगतात. पाणी थोडे थोडे आणि नियमित बदलावे, एकदम कधीही नाही.

सीतापुऱ्यासारख्या कोरड्या, उष्ण ठिकाणी आणखी दोन गोष्टी आड येतात. उन्हाळ्यात टाकीतले पाणी झपाट्याने उडते, पण क्षार मागेच राहतात. रोज नुसती भर घालत राहिले तर पाणी आठवड्यागणिक अधिक जड होत जाते. म्हणून भर घालणे वेगळे आणि पाणी बदलणे वेगळे. भरलेल्या पाण्यातच नायट्रेट जास्त असेल, तर कितीही वेळा बदलूनही टाकीतले नायट्रेट त्याखाली उतरणार नाही. अशा ठिकाणी वेगाने वाढणाऱ्या पाणवनस्पती नायट्रेट शोषून खरी मदत करतात. दुसरी अडचण तापमानाची. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना जेमतेम साडेसात. माशाची प्राणवायूची गरज मात्र उष्णतेबरोबर वाढते आणि मुक्त अमोनियाचे प्रमाणही वाढते. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतले तापलेले पाणी थेट फिशटँकमध्ये ओतणे किंवा जानेवारीच्या पहाटे तेच गारठलेले पाणी ओतणे, दोन्ही घातक. वीज गेली तर दोन-चार तास चालेल असा बॅटरीवरचा एअर पंप या भागात चैनीची वस्तू मानू नये.

यावर काही आक्षेप हमखास येतात. काही जण म्हणतात, आम्ही दर आठवड्याला पूर्ण पाणी बदलतो आणि मासे छान जगतात. माशांची संख्या फार कमी असेल आणि नळाचे पाणी टाकीतल्या पाण्याशी जुळत असेल तर हे जमते. पण जगणे किती काळाचे, हेही विचारायला हवे. गोल भांड्यातला गोल्डफिश वर्ष-दोन वर्षांत मेला की लोक त्याचे आयुष्यच तेवढे समजतात. इंग्लंडमधला टिश नावाचा गोल्डफिश 43 वर्षे जगून 1999 मध्ये मेला, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. दुसरा आक्षेप विहिरीचा. विहिरीत कोणी फिल्टर लावत नाही, तरी मासे पिढ्यान् पिढ्या राहतात. चार मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असले तर ते 37 हजार लिटरहून जास्त भरते, म्हणजे दोन फुटी टाकीच्या सातशे पटींहून अधिक. शिवाय तिथे खाद्य टाकले जात नाही आणि भिंतींवर शेवाळ व जिवाणू भरपूर असतात. विहीर खरे तर हाच मुद्दा सिद्ध करते: पाणी जितके कमी, तितका समतोल नाजूक.

जड पाण्यावर उपाय म्हणून आरओचे पाणी सुचवले जाते, आणि ते अर्धेच बरोबर आहे. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास उरत नाहीत. त्यामुळे सामू सावरून धरणारी क्षारताही उरत नाही, आणि निव्वळ आरओवर चालणारी टाकी मुंबईच्या हलक्या पाण्याचे सगळे धोके अधिक तीव्रपणे ओढवून घेते. आरओ वापरायचेच असेल तर बोअरच्या पाण्यात ठरावीक प्रमाणात मिसळून वापरावे आणि ते प्रमाण दर वेळी सारखे ठेवावे. औषधांचेही असेच आहे. मासा सुस्त दिसला की पाण्यात निळे औषध किंवा अँटिबायोटिक टाकण्याची सवय आहे. दुखणे बहुधा अमोनियाचे असते आणि औषध मात्र अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंनाच मारते. आधी पाणी तपासावे. आजार पक्का कळला तर त्या माशाला वेगळ्या भांड्यात उपचार द्यावेत.

सर्वांत शहाणपणाचा उपाय खरेदीच्या वेळीच करता येतो. पाणी बदलून माशाला जुळवण्याऐवजी पाण्याला जुळणारा मासा निवडावा. मॉली, गप्पी, प्लॅटी, स्वोर्डटेल हे मासे जड, अल्कधर्मी पाण्यात उत्तम राहतात. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले सिक्लिड तर अशाच पाण्यातले आहेत. निऑन टेट्रा आणि डिस्कस हे ॲमेझॉन खोऱ्यातल्या हलक्या, आम्लधर्मी पाण्यातले, म्हणून सीतापुऱ्याच्या बोअरवर त्यांचा हट्ट धरू नये. कोणी म्हणेल, हल्लीचे मासे चेन्नईतल्या कोळत्तूर किंवा बंगालमधल्या हावडा इथल्या शेतांतच वाढलेले असतात, त्यांना कसलेही पाणी चालते. शेतात वाढलेल्या माशांची सहनशक्ती थोडी जास्त असते, हे खरे. पण अचानक बदल त्यांनाही सोसत नाही, आणि सहन करणे म्हणजे निरोगी असणे नव्हे. सतत ताणाखाली राहणाऱ्या माशाला बुरशी आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग लवकर गाठतो.

शेवटचा आक्षेप असा, की छंदासाठी एवढा व्याप कोण करणार? वास्तविक हा व्याप पूर्ण टाकी उपसण्यापेक्षा कमी आहे. टाकी लावण्याआधी घरच्या पाण्याचा टीडीएस (म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण), सामू आणि नायट्रेट एकदा तपासावे. पहिल्या सहा आठवड्यांत मोजकेच मासे ठेवून अमोनिया आणि नायट्राइट दर दोन-तीन दिवसांनी पाहावे. ते शून्यावर आल्यानंतरच मासे वाढवावेत. मग दर आठवड्याला सायफनने तळाची घाण ओढत 20 ते 25 टक्के पाणी काढावे. नवे पाणी आदल्या दिवशी बादलीत काढून त्यात एअर पंप सोडावा किंवा त्यात अँटी-क्लोरीन घालावे, आणि त्याचे तापमान टाकीतल्या पाण्याइतके होऊ द्यावे. फिल्टरचा स्पंज धुवायचा तो काढलेल्या टाकीच्याच पाण्यात, हलक्या हाताने. खाद्य दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. 2017 मध्ये केंद्र सरकारने शोभिवंत माशांच्या दुकानांसाठी नियम आणले होते आणि त्यांत मासे गोल भांड्यात ठेवायला मनाई होती. ते नियम पुढे मागे घेतले गेले. त्यामुळे आपल्या घरातल्या माशाचे भले करण्याची जबाबदारी सध्या पूर्णपणे आपल्यावरच आहे. नदीतला मासा वाईट पाण्यातून पोहत दूर जाऊ शकतो. काचेच्या पेटीत त्याला ती मुभा आपण ठेवलेली नाही. म्हणून मासे विकत घ्यायला निघण्याआधी घरच्या नळाचे एक भांडेभर पाणी तपासून घ्यावे, आणि त्यात जो मासा सुखाने राहील तोच घरी आणावा.