पाळीचे पाणी : पुलिकतची ‘पाडू’ पद्धती आणि आपले जलाशय

हुमणीच्या भुंगेऱ्यांना शेताचा बांध कळत नाही. पहिल्या वळिवानंतर ते सायंकाळी जमिनीतून बाहेर पडतात, कडुलिंब-बाभळीवर जमतात आणि पहाटे पुन्हा कोणाच्याही शेतात शिरतात. एकट्या शेतकऱ्याने ते गोळा केले तर लाभ थोडा. गावाने एकाच वेळी मोहीम घेतली तरच प्रादुर्भाव घटतो. कीटकशास्त्राच्या अभ्यासकास हे नित्याचे आहे. मासेमारीचा प्रश्नही याच जातीचा आहे, केवळ दिशा उलटी. तेथे सर्वांनी मिळून राखावयाचे असते, कारण एकाने सोडलेला लहान मासा उद्या शेजाऱ्याच्या जाळ्यात जातो.

चेन्नईत पेरुंगुडीला लागून पल्लिकरणै ही पाणथळ आहे. २०२२ मध्ये तिचा समावेश रामसर यादीत झाला. तथापि मूळ विस्ताराचा जेमतेम दहावा हिस्सा आज उरला आहे आणि शहराचा कचराही वर्षानुवर्षे तिच्याच कडेला पडत आला. पल्लिकरणैचे पाणी ज्या बकिंगहॅम कालव्यास मिळते, तोच कालवा उत्तरेकडे पुलिकत सरोवरास जोडलेला आहे. चिल्कानंतरचे देशातील हे सर्वांत मोठे खाऱ्या पाण्याचे सरोवर. येथे मात्र पाण्याचा कोणता भाग कोणत्या दिवशी कोणाचा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे.

या व्यवस्थेस ‘पाडू’ म्हणतात. सरोवराच्या तमिळनाडूकडील भागात, समुद्राशी जोडणाऱ्या मुखाजवळ, भरती-ओहोटीबरोबर कोळंबी ये-जा करते. त्यामुळे जाळे लावण्याच्या मोक्याच्या जागा मोजक्याच आहेत. पट्टनवर समाजाच्या गावांतील पात्र मच्छीमार चिठ्ठ्या टाकून या जागा व त्यांच्या पाळ्या वाटून घेतात. आज उत्तम जागा मिळालेल्यास उद्या साधारण जागेवर जावे लागते. भांडण उद्भवल्यास निवाडा गावची पंचायत करते.

किती मासे धरावेत, याची मर्यादा ‘पाडू’ घालत नाही, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. ती फक्त जागा आणि वेळ ठरविते. मला तिचे खरे बळ यातच दिसते. कोणी किती किलो कोळंबी धरली, हे तपासण्यास निरीक्षक लागतो. आपल्या पाळीच्या जागेवर दुसऱ्याचे जाळे लागले आहे का, हे मात्र ज्याची पाळी असेल त्याला डोळ्यांनी दिसते. तो बिनपगारी राखणदारच असतो. जाळ्यांची संख्या आवरली जाते, ती या व्यवस्थेच्या ओघातच.

तुर्कस्तानातील अलान्या येथील मच्छीमारांनी १९७०च्या दशकात असाच तोडगा काढला. दर सप्टेंबरात पात्र मच्छीमारांची यादी होते आणि चिठ्ठ्यांनी जागा ठरतात. जानेवारीपर्यंत प्रत्येक जण रोज एक जागा पूर्वेकडे सरकतो आणि नंतर मेपर्यंत पश्चिमेकडे. माशांच्या स्थलांतराचा लाभ त्यामुळे सर्वांना सारखा मिळतो. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात हे उदाहरण मांडले. सामायिक संसाधनांच्या व्यवस्थापनावरील कार्यासाठी २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

‘पाडू’चे गोडवे गाताना तिची किंमतही सांगितली पाहिजे. चिठ्ठीत नाव येण्यासाठी विशिष्ट समाजात जन्म व्हावा लागतो. कोळंबीस निर्यातीचा भाव आल्यावर सरोवरावर जगणारे इतर समाजही मोक्याच्या पाण्यावर हक्क सांगू लागले आणि तंटे गावाबाहेर गेले. आतल्यांपुरती न्याय्य असलेली ही वाटणी बाहेरच्यांस अन्याय्य वाटते, आणि ते वाटणे निराधार नाही.

महाराष्ट्रात शासकीय नियमांची उणीव नाही. सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे; १ जून ते ३१ जुलै बंदी असते. २०२३ मध्ये पापलेटला राज्य मासा घोषित करण्यात आले आणि त्याच वर्षी ५४ प्रजातींसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरले. पापलेटसाठी ते १३५ मिलिमीटर आहे. परंतु हा मासा मोजला जातो बंदरावर, आणि तेव्हा तो मेलेला असतो. लहान पापलेट वाचते ते जाळ्याच्या आसावर व जाळे कोठे टाकले त्यावर, आणि या दोन्ही गोष्टी समुद्रात शेजारच्या नौकेलाच दिसतात. पालघरचे जाळीवाले आणि वसई-उत्तनचे डोलवाले यांच्यात कवींच्या जागांवरून दशकानुदशके वाद आहे. समुद्रातल्या त्या शेजाऱ्यांचा सर्वमान्य करार नसताना केवळ फूटपट्टीने काय साधणार?

विस्तार कार्यकर्त्यांचा अधिक संबंध येतो तो गोड्या पाण्याशी. तलाव मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेस ठेक्याने मिळतो, बोटुकली सोडली जाते आणि पुढे पहिल्या दोन महिन्यांतच बारीक आसाच्या जाळ्यांनी तिचा फडशा पडतो. संस्थेच्या उपविधीत आसाचा नियम लिहिलेला असतो, पण तो पाळला जातो की नाही हे पाहण्याचे काम कोणाकडेच नसते. तलावाचे भाग पाडून पाळ्या लावल्या, तर ते काम आपोआप पुढच्या पाळीवाल्याकडे जाते. सांडव्याजवळची जागा कोणाला, हे चिठ्ठीने ठरावे. तलावाकाठी राहणारी, पण सभासद नसलेली कुटुंबे गळाने अथवा पागाने कोठे मासे धरू शकतात, हे त्याच बैठकीत स्पष्ट व्हावे, अन्यथा पुलिकतचाच तंटा येथे उभा राहील.

ही बैठक बोटुकली सोडण्यापूर्वी घ्यावी. अलान्यात चिठ्ठ्या हंगामाच्या तोंडावर पडतात, कोणाच्या वाट्याला काय येणार हे कोणालाच ठाऊक नसताना. मासा हाताएवढा झाल्यावर बसलेल्या बैठकीत प्रत्येकाला स्वतःचीच जागा हवी असते.