तेराशे मीटर चाललेलं जहाज

१० ऑगस्ट १६२८, रविवार. स्टॉकहोमच्या बंदरातून स्वीडनचं लढाऊ जहाज ‘वासा’ पहिल्या सफरीला निघालं. दहापैकी चार शिडं उभारली होती, बघ्यांनी किनारा भरला होता, सलामी द्यायची म्हणून तोफांचे झरोके उघडे होते. वाऱ्याच्या झोताने जहाज कललं आणि कसंबसं सावरलं. पुढच्या झोताला मात्र ते इतकं आडवं झालं की खालच्या मजल्यावरच्या झरोक्यांतून पाणी आत घुसलं. तोवर ते जेमतेम १३०० मीटर चाललं होतं. किनारा १२० मीटरांवर असताना ते ३२ मीटर खोल तळाला जाऊन बसलं. सुमारे तीस माणसं बुडाली.

बुडालं काय, हे आकड्यांत पाहिल्याशिवाय कळत नाही. जहाजाची लांबी पुढच्या सोटासकट ६९ मीटर. बुडापासून मधल्या डोलकाठीच्या टोकापर्यंतची उंची साडेबावन्न मीटर, म्हणजे सतरा मजली इमारतीएवढी. वजन १२१० टन. त्यासाठी हजारेक ओकची झाडं तोडली गेली. तोफा ६४. त्यांतल्या ४८ तोफा २४ पौंडी, म्हणजे प्रत्येकीचा गोळा जवळपास ११ किलोचा आणि प्रत्येक तोफ टनाहून जड. एका बाजूच्या सगळ्या तोफा एकदम डागल्या तर शत्रूवर २६७ किलो लोखंड जाऊन आदळणार होतं. शिवाय सिंह, योद्धे, रोमन सम्राट, देवदूत अशी कोरीव लाकडाची सातशेच्या घरातली शिल्पं आणि नक्षीकाम. राजा गुस्ताव दुसरा अडॉल्फ तेव्हा पोलंडशी लढत होता आणि जहाज लवकर हवं म्हणून प्रशियातून पत्रांवर पत्रं धाडत होता.

एवढ्या अवाढव्य जहाजाचा तोल सांभाळायला तळाशी १२० टन दगड भरले होते. ते पुरेसे नव्हते, आणि आणखी भरायला जागाही नव्हती. आणखी भरले असते तरी जहाज अधिक खोल बसून खालचे झरोके पाण्याच्या आणखी जवळ आले असते. मूळ दोष बांधणीतच होता. पाण्यावरचा भाग पाण्याखालच्या भागाच्या मानाने फार जड झाला होता. आजच्या गणितानुसार सेकंदाला चार मीटर वेगाचा वारासुद्धा या जहाजाला आडवं करायला पुरेसा होता. एवढ्या वाऱ्यात झाडांची पानं आणि बारीक डहाळ्या हलतात, बस्स.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो तो तीस हा आकडा. बुडण्याच्या थोडंच आधी जहाजाची चाचणी झाली होती. तीस माणसांना वरच्या डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळायला लावलं. तीन फेऱ्यांतच जहाज इतकं डोलू लागलं की व्हाइस अॅडमिरल क्लास फ्लेमिंगने चाचणी थांबवली. म्हणजे धोका डोळ्यांनी पाहिलेली माणसं बंदरात होती. तरीही जहाज निघालं. पुढे चौकशी झाली, पण शिक्षा कोणालाच झाली नाही. मुख्य कारागीर हेन्रिक हिबर्टसन तर १६२७ मध्येच वारला होता.

तोफांचा ब्राँझ फार मोलाचा होता. म्हणून १६६० च्या दशकात आल्ब्रेक्ट फोन ट्रायलेबेन आणि त्याच्या साथीदारांनी घंटेच्या आकाराचं भांडं पाण्यात सोडलं. पाणबुड्या त्यात अडकलेल्या हवेवर श्वास घेत, गारठलेल्या काळोखात उभा राहायचा आणि आकडा लावलेल्या लांब काठीने तोफ चाचपायचा. अशा तऱ्हेने त्यांनी टनाटनाच्या पन्नासहून अधिक तोफा अरुंद झरोक्यांतून ओढून काढल्या. या कामगिरीला तोड नाही. त्यानंतर जहाज नेमकं कुठे आहे हेच लोक विसरले.

ते विसरलेलं जहाज विसाव्या शतकात शोधायला निघाला अँडर्स फ्रांझेन, नौदलाच्या नोकरीतला इंजिनिअर. त्याचा सगळा भरवसा एका किड्यावर होता, खरं तर तो किडा तिथे नसण्यावर. लाकूड पोखरणाऱ्या जहाजकिड्याला खारं पाणी लागतं. महासागरात हजार भाग पाण्यात सुमारे पस्तीस भाग मीठ असतं, स्टॉकहोमजवळच्या बाल्टिकमध्ये फार तर पाच-सहा. तिथे हा किडा जगत नाही. हेच जहाज आपल्या अरबी समुद्रात बुडालं असतं तर गाळाबाहेरचं लाकूड केव्हाच भुसा झालं असतं. फ्रांझेन जुनी दफ्तरं चाळत राहिला आणि दोरीला बांधलेलं टोकदार पोकळ लोखंड तळाशी आपटत राहिला. ऑगस्ट १९५६ मध्ये त्या लोखंडात काळ्या पडलेल्या ओकचा तुकडा अडकून आला. मग पेर एडविन फेल्टिंग हा पाणबुड्या खाली गेला. त्याच्या हाताला तोफांच्या झरोक्यांच्या दोन रांगा लागल्या.

पुढचं काम, म्हणजे जहाज वर काढणं, धैर्याचं होतं. उचलायला पोलादी दोर घालायचे तर जहाजाच्या बुडाखालून सहा बोगदे खणायला हवेत. पाणबुड्यांनी ते पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने खणले. अंगाभोवती चिखल, डोळ्यांपुढे काहीच नाही आणि डोक्यावर दगडांनी भरलेलं, सव्वातीनशे वर्षं भिजलेलं जहाज. ते जरा खचलं असतं तर आतला माणूस बाहेर येण्याची शक्यता नव्हती. १३०० हून अधिक बुड्या मारल्या गेल्या आणि एकही गंभीर अपघात झाला नाही. ऑगस्ट १९५९ पासून जहाज एकूण अठरा वेळा थोडं थोडं उचलून उथळ पाण्यात आणलं. लोखंडी खिळे गंजून गेल्यामुळे पडलेली हजारो भोकं बुजवायला दीड वर्ष गेलं. २४ एप्रिल १९६१ रोजी जहाज ३३३ वर्षांनी पाण्याबाहेर आलं आणि ४ मे रोजी स्वतःच्या बुडावर तरंगत गोदीत शिरलं.

आत काय नव्हतं? चार हजारांहून जास्त तांब्याची नाणी, सहा शिडं, चपला, चमचे, डब्यात राहिलेलं लोणी. आणि माणसांची हाडं. यांतल्या एका सांगाड्याला कित्येक वर्षं ‘गुस्ताव’ म्हणत. ती बाई होती, हे २०२३ मध्ये डीएनएने सिद्ध झालं. जहाजाचं ९८ टक्के लाकूड मूळचंच आहे, हे वाचून मी थक्क होतो.

भिजलेलं ओक तसंच सुकू दिलं तर आकसतं, तडकतं. म्हणून पॉलिएथिलीन ग्लायकॉल, म्हणजे मलमांत आणि क्रीममध्ये असतो तो मेणासारखा पदार्थ, पाण्यात मिसळून जहाजावर फवारला गेला. सलग १७ वर्षं. नंतर नऊ वर्षं सावकाश सुकवणं. जहाज बांधायला जेवढा काळ लागला त्याच्या दहापटींहून अधिक काळ ते टिकाऊ करण्यात गेला. जहाजाचं संग्रहालय १९९० मध्ये उघडलं, आणि आज तिथे वर्षाला दहा लाखांहून जास्त माणसं येतात.

तरी काम संपलेलं नाही. शहराचं सांडपाणी बंदरात साचल्याने तळाच्या पाण्यात प्राणवायू उरला नव्हता, आणि त्यामुळे लाकूड कुजवणाऱ्या जिवाणूंचं तिथे फारसं चाललं नाही. पण त्याच पाण्यातलं गंधक लाकडात मुरलं. २००२ च्या अंदाजानुसार जहाजात दोन टनांहून जास्त गंधकाम्ल तयार झालं होतं आणि वर्षाला सुमारे १०० किलो नवं तयार होत होतं. गंजणारं लोखंड या क्रियेला हातभार लावतं, म्हणून २०११ ते २०१८ या काळात जहाजातले पाच हजारांहून जास्त लोखंडी बोल्ट काढून त्या जागी न गंजणाऱ्या पोलादाचे बसवले.

लाकूड स्वतःच्याच भाराने दबतंही आहे. जहाजाचा सांगाडा वर्षाला साधारण एक मिलिमीटर सरकतो. तो किती आणि कुठे सरकला, हे संग्रहालयाची माणसं नियमाने मोजतात आणि मोजलेल्या त्या मिलिमीटरांवरून ठरवून २०२४ पासून जहाजाखाली नवा पोलादी आधार उभारत आहेत.