व्यावसायिक वैमानिकाची घडण: गैरसमज आणि वस्तुस्थिती

व्यावसायिक वैमानिक होण्यासाठी येणारा खर्च आणि पुढे मिळणारे वेतन यांची चर्चा मराठी घरांत बरीच होते. परंतु प्रशिक्षणाचे दिवस प्रत्यक्षात कसे जातात, याची माहिती तुटपुंजी असल्याने तिच्या जागी अनेक समजुती रुजल्या आहेत. गोंदियाजवळील बिरसी किंवा बारामती यांसारख्या ठिकाणी चालणाऱ्या प्रशिक्षणाचे स्वरूप समजून घेतले, तर विमान हाताळण्याच्या कौशल्याइतकेच महत्त्व तेथे जमिनीवरील तयारीला आणि योग्य निर्णय घेण्याच्या सवयीला दिले जाते, हे स्पष्ट होते.

गैरसमज: प्रशिक्षणार्थीचा बहुतेक दिवस आकाशात जातो.

वस्तुस्थिती: भारतात व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी, म्हणजेच सीपीएलसाठी, किमान २०० तासांचे उड्डाण आवश्यक असते, हे तास अनेक महिन्यांत विभागले जात असल्याने एका दिवशी वाट्याला येणारे उड्डाण बहुधा तास-दोन तासांचेच असते, आणि कित्येक दिवस तर उड्डाणाविनाच जातात. उरलेला वेळ मार्गनिर्धारण, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि तांत्रिक विषय यांच्या अभ्यासाला द्यावा लागतो, कारण नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, लेखी परीक्षांत उत्तीर्ण होण्यासाठी ७० टक्के गुण मिळवावे लागतात. प्रत्येक उड्डाणापूर्वी विमानतळावरील ताज्या हवामानाचा सांकेतिक अहवाल, ज्याला मेटार म्हणतात, तो वाचणे, विमानाभोवती फिरून त्याचा प्रत्येक भाग तपासणे आणि टाकीच्या तळातून इंधनाचा नमुना काढून पाहणे ही कामेही विद्यार्थ्यालाच करायची असतात. पाणी इंधनापेक्षा जड असल्याने तळाशी साचते आणि ते इंजिनात गेल्यास इंजिन बंद पडू शकते, म्हणून ही तपासणी एकदाही टाळता येत नाही.

गैरसमज: खराब हवामानामुळे थांबलेले दिवस वाया जातात.

वस्तुस्थिती: सुरुवातीची उड्डाणे बाहेर पाहून दिशा आणि उंची राखण्याच्या नियमांनुसार होतात, आणि त्यासाठी सर्वसाधारणपणे किमान ५ किलोमीटरपर्यंत स्पष्ट दिसणे आवश्यक असते, त्यामुळे हिवाळ्यातील धुके किंवा पावसाळ्यातील खाली उतरलेले ढग उड्डाण थांबवतात. विदर्भातील उन्हाळ्यात आकाश निरभ्र असले तरी तापलेली हवा विरळ होते, पंखांना मिळणारी उचल आणि इंजिनाची शक्ती दोन्ही घटतात आणि विमानाला धावपट्टीवर अधिक अंतर धावावे लागते. हे सारे ताडून उड्डाण करू नये असा निर्णय घेता येणे हा प्रशिक्षणाचाच भाग आहे, आणि असा निर्णय घेणाऱ्या विद्यार्थ्याला भित्रा समजणे अन्यायाचे आहे.

गैरसमज: पहिले सोलो, म्हणजे प्रशिक्षकाविना केलेले पहिले उड्डाण, हे धाडस असते.

वस्तुस्थिती: विद्यार्थ्याने सर्किट, म्हणजे धावपट्टीवरून उडून आयताकृती मार्गाने पुन्हा तेथेच उतरण्याचा सराव, वारंवार बिनचूक केल्यावर, आणि उतरणे सुरक्षित वाटत नसल्यास विमान पुन्हा वर उचलून घेण्याची तयारी दाखवल्यावरच प्रशिक्षक त्याला एकट्याने पाठवतो. पुढे एकूण उड्डाणांपैकी किमान १०० तास विमानाची संपूर्ण जबाबदारी स्वतःकडे घेऊन पूर्ण करावे लागतात. त्यांत किमान ३०० सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटरचा, दोन वेगळ्या विमानतळांवर उतरत केलेला प्रवासही असतो.

गैरसमज: चष्मा असलेल्यांना वैमानिक होता येत नाही.

वस्तुस्थिती: चष्म्याने दृष्टी विहित मर्यादेपर्यंत सुधारत असेल, तर केवळ चष्म्यामुळे कोणी अपात्र ठरत नाही. रंग ओळखण्याची क्षमता मात्र काटेकोरपणे तपासली जाते, कारण रात्री दुसऱ्या विमानाच्या डाव्या पंखावरील लाल आणि उजव्या पंखावरील हिरव्या दिव्यावरूनच त्याची दिशा कळते. म्हणूनच प्रशिक्षणाचे शुल्क भरण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घेणे शहाणपणाचे ठरते.

गैरसमज: परवाना मिळताच प्रवासी विमानाचे कप्तानपद मिळते आणि पुढचे सारे ऑटोपायलट सांभाळतो.

वस्तुस्थिती: सीपीएलनंतर एअरबस ए३२० सारख्या विशिष्ट विमानासाठी टाइप रेटिंग हे स्वतंत्र प्रशिक्षण घ्यावे लागते आणि नोकरीची सुरुवात सहवैमानिक म्हणून होते, कप्तानपदासाठी आवश्यक असलेला एटीपीएल परवाना मिळवण्यास किमान १,५०० तासांचा अनुभव लागतो. ऑटोपायलट केवळ दिलेल्या सूचना पाळतो. त्या सूचना ठरवणे, त्यांवर लक्ष ठेवणे आणि तो बंद पडल्यास विमान हाती घेणे हे वैमानिकाचेच काम असते.

म्हणून संस्था निवडताना पालकांनी २०० तास किती लवकर पूर्ण होतील, एवढेच विचारणे पुरेसे नाही; उड्डाणयोग्य विमाने व प्रशिक्षक किती आहेत, हवामानामुळे वर्षातील किती दिवस थांबावे लागते आणि उड्डाण रद्द करण्याच्या विद्यार्थ्याच्या निर्णयाचा तेथे मान राखला जातो का, हेही विचारायला हवे, कारण त्याच सवयींवर पुढे शेकडो प्रवाशांची सुरक्षितता अवलंबून राहणार असते.