मंद वेगीं विमानाचा कांटा कां चुकतो ?

विमान उतरण्याच्या बेतांत असतें, तेव्हां वैमानिकाची नजर पुन्हापुन्हां एका तबकडीकडे वळते. तिच्यावरील कांटा हवेंतील वेग दाखवितो. हा वेग एका मर्यादेखालीं गेला कीं पंखांवरून वाहणारी हवा त्यांचा पृष्ठभाग सोडते, उचलून धरणारा जोर एकाएकीं ओसरतो आणि विमान खालीं बसूं लागतें. वैमानिक या अवस्थेला ‘स्टॉल’ म्हणतात. खरें पाहतां ती पंखाच्या हवेशीं होणाऱ्या कोनामुळें येते; परंतु कोन दाखविणारें यंत्र लहान विमानांत बहुधा नसतें, म्हणून सारी भिस्त वेगावर. आणि जेथें चार-पांच नॉटांना एवढें महत्त्व, नेमका तेथेंच कांटा सर्वांत अधिक चुकतो !

याचें मूळ वेगमापकाच्या रचनेंत आहे. १७३२ सालीं पिटो या फ्रेंच इंजिनियरानें सेन नदींत वांकडी नळी धरून पाण्याचा वेग मोजला. प्रवाहाकडे तोंड केलेल्या नळींत पाणी जितकें वर चढेल तितका वेग अधिक. विमानाच्या पंखाखालीं असते ती याच नळीची वंशज. समोरची हवा तिच्यांत दाब उत्पन्न करते, भोवतालच्या हवेचा दाब दुसऱ्या एका छिद्रांतून घेतात, आणि दोहोंतील फरकानें एक पातळ डबी फुगून कांटा फिरतो. म्हणजे हें यंत्र वेग मोजीतच नाहीं. तें दाब मोजतें.

स्टॉलच्या सुमारास विमानाचें नाक वर असतें. त्यामुळें नळीच्या तोंडांत हवा तिरपी शिरते, आणि दुसऱ्या छिद्राजवळील प्रवाहहि बदललेला असतो. पंखांच्या झडपा खालीं सोडल्या तर घोटाळा आणखी वाढतो. म्हणून कांट्यावरील आंकड्याला दर्शित वेग म्हणतात, आणि हा दोष काढून मिळणाऱ्याला शोधित वेग.

‘सेस्ना १७२’ हें १९५६ सालापासूनचें चार आसनी विमान. त्याच्या ‘एस’ नमुन्याच्या पुस्तिकेंत २५५० पौंड वजनावर, झडपा मिटलेल्या असतां, स्टॉलचा दर्शित वेग ४८ नॉट आहे व शोधित ५३. झडपा पूर्ण उघडल्यावर तेच आंकडे ४० व ४८ होतात ! ७० नॉटांच्या सुमारास मात्र दोन्ही वेग जुळतात. नॉट म्हणजे ताशीं सुमारें १.८५ किलोमीटर.

दाब वेगाच्या वर्गाप्रमाणें बदलतो, हें येथें ध्यानांत घ्यावें. १०० नॉटांवर तो समुद्रसपाटीला १६५ मिलीमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. ५० नॉटांवर अवघा ४१. ४८ आणि ५३ नॉटांमधील अंतर म्हणजे पाण्याचे केवळ आठ मिलीमीटर. तेवढाच दाब १०० नॉटांवर कमी भरला तर कांटा तीन नॉटहि मागें पडणार नाहीं. ‘माझें विमान चाळीस नॉटांवरहि उडतें’ असें ऐटीनें सांगणारा वैमानिक कांट्याचें म्हणणें सांगत असतो, विमानाचें नव्हे.

ऐट निरुपद्रवी, गणित तसें नाहीं. उतरतांना स्टॉलच्या १.३ पट वेग ठेवावा असा प्रघात आहे. कोणी घाईंत ४० ला १.३ नें गुणलें तर ५२ येतात. पण कांट्यावर ५२ असतांना शोधित वेग ५७ च्या आसपास असतो, म्हणजे स्टॉलहून चौदा नॉटांऐवजीं नऊच नॉट अधिक. वाऱ्याच्या एका झोताला किंवा एका आंखूड वळणाला हें अंतर गिळण्यास वेळ लागत नाहीं, आणि त्या वेळीं खालीं फारशी उंची उरलेली नसते. शोधित ४८ ला गुणून ६२ हा आंकडा घ्यावा व तो पुन्हां कांट्याच्या भाषेंत आणावा. पुस्तिकेंतहि आंखूड धांवपट्टीवर उतरण्यासाठीं दर्शित ६१ नॉट सांगितले आहेत.

अमेरिकेच्या २०१७ पर्यंतच्या नियमांत या मापनपद्धतीची चूक तीन टक्के किंवा पांच नॉट, यांपैकीं जें अधिक असेल, त्याहून जास्त नसावी अशी अट होती. परंतु ती लागू होई स्टॉलच्या १.३ पट वेगापासून वर. त्याखालीं कांट्याला मोकळीक होती. म्हणून पुस्तिकेंत दोन्ही वेगांचें कोष्टक असतें. उड्डाणापूर्वीं जमिनीवर बसून तें उघडण्यास पांच मिनिटें पुरतात.