‘भाऊबंदकी’चे वाचन : धार-देवासच्या भूमीवरून

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘भाऊबंदकी’ हे गद्य नाटक १९०९ साली महाराष्ट्र नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. पुढे मुंबई मराठी साहित्य संघाने त्याचे पुनरुज्जीवन केले, तेव्हा नानासाहेब फाटक यांचा राघोबा आणि दुर्गाबाई खोटे यांची आनंदीबाई पाहून नव्या पिढीलाही त्याच्या सामर्थ्याची ओळख पटली. या नाटकाचे अध्यापन मात्र बहुधा दोन ठरीव वाटांनी होते. एक वाट शेक्सपिअरच्या ‘मॅक्बेथ’कडे जाते : दुबळा, महत्त्वाकांक्षी पती आणि त्याला पुढे लोटणारी पत्नी. दुसरी वाट ‘ध’चा ‘मा’ या आख्यायिकेपाशी थांबते. दोन्ही वाटा सर्वस्वी चुकीच्या आहेत असे नव्हे. परंतु पहिलीने अपराधाचे मूळ परदेशी ग्रंथात शोधले जाते, आणि दुसरीने सारा अपराध एका स्त्रीच्या लेखणीवर टाकून घरातील कर्ते पुरुष मोकळे होतात. नाटककाराने दिलेले शीर्षक याहून निराळ्या वाचनाची अपेक्षा करते.

‘भाऊबंदकी’ म्हणजे मुळात भाऊबंदांचे परस्परांशी असलेले नाते. एका वतनात ज्यांचा वाटा, एका कुळाच्या मानपानात ज्यांचा हक्क, ते भाऊबंद. नात्याचे नाव असलेला हा शब्द व्यवहारात कलहाचे नाव होऊन बसला, यातच आपल्या कुटुंबसंस्थेचे एक दुखणे उघड होते. जेथे वाटा आहे तेथे वाटणीचा प्रश्न आहे, आणि काय वाटता येते व काय वाटता येत नाही याचा विवेक सुटला की नात्याचे वैर होते. नाटकाची गुरुकिल्ली या विवेकात आहे.

तो समजून घेण्यास देवाससारखे उदाहरण नाही. पहिल्या बाजीरावाबरोबर माळव्यात आलेले तुकोजीराव व जिवाजीराव पवार हे सख्खे भाऊ. देवास दोघांकडे आले आणि त्यांच्या वंशजांत थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन राज्ये झाली. एकाच गावात दोन राजे, दोन राजवाडे, दोन कारभार! गावातील मुख्य रस्त्याची एक बाजू एकीकडे, तर दुसरी दुसरीकडे; पाणी आणि दिवाबत्ती यांची व्यवस्थाही वेगवेगळी. १९४८ साली दोन्ही संस्थाने मध्यभारतात विलीन होईपर्यंत ही स्थिती राहिली. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी चिटणीस होते. त्यांच्या १९५३ सालच्या ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात या दुहेरी दरबाराचे मिस्किल चित्र आले आहे. परदेशी पाहुण्याला ते हास्यास्पद वाटले, तर नवल नाही. परंतु मराठी वाचकाने यातील दुसरी बाजूही पाहावी. महसूल वाटला, रस्ता वाटला, आणि दोन्ही घरे पिढ्यानपिढ्या नांदली.

पुण्यात हे होऊ शकले नसते. राघोबाने थोरल्या माधवरावाच्या कारकिर्दीतच दौलतीत अर्धा वाटा मागितला होता. परंतु पेशवाई हे काही शेत नव्हे. ती छत्रपतींनी सोपविलेली जबाबदारी होती. जे पद आहे त्याला वतन समजणे, हीच राघोबाची मूळ चूक. आनंदीबाईची महत्त्वाकांक्षा त्या चुकीवर पोसली गेली. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात अवघ्या अठरा वर्षांच्या नारायणरावाचा वध झाला, तो या समजुतीचा शेवट होय. म्हणूनच नाटकातील रामशास्त्र्यांचे महत्त्व अनन्यसाधारण आहे. ते त्या घराचे नव्हेत. त्यांचा कशात वाटा नाही. राघोबाकडे ते कोणाचा चुलता वा कोणाचा पती म्हणून पाहत नाहीत. अपराधी म्हणून पाहतात, आणि त्याला देहान्त प्रायश्चित्त सांगतात. न्याय ही कुळाची मालमत्ता नव्हे, हे त्या एका निर्णयात येऊन जाते.

आता धारकडे वळावे. वधानंतर पेशव्यांच्या घरात दोन गरोदर स्त्रिया दोन किल्ल्यांच्या आश्रयाला गेल्या. नारायणरावाची पत्नी गंगाबाई पुरंदरावर. तिला १८ एप्रिल १७७४ रोजी पुत्र झाला, तो सवाई माधवराव. राघोबा बारभाईंशी झगडत असता आनंदीबाई पवारांच्या धारच्या किल्ल्यात राहिली, आणि तेथे १७७५ च्या जानेवारीत तिला पुत्र झाला, तो दुसरा बाजीराव. त्याच वर्षी मार्चमध्ये राघोबाने सुरतेस इंग्रजांशी तह केला. दुसऱ्या बाजीरावाने १८०२ साली वसईचा तह केला आणि १८१८ साली पेशवाई संपली. धारचा किल्ला पाहिलेल्या विद्यार्थ्याला हे सांगावे, की ज्या स्त्रीला आपण एका अक्षरापुरते ओळखतो, ती येथे पतीपासून दूर, तान्ह्या मुलासह परक्या आश्रयाला राहिली होती. तिचा दोष त्यामुळे पुसला जात नाही. परंतु ती आख्यायिकेतून माणसांत येते. घरातील कलहाचे ऋण पुढच्या पिढीवर कसे चढते, हेही तेथेच कळते.

शिक्षकांनी हे नाटक शिकविताना तीन प्रश्न पुढे ठेवावेत असे सुचवावेसे वाटते. प्रत्येक पात्र ‘माझे’ म्हणून जे मागते, ते वाटता येण्यासारखे आहे काय? आनंदीबाई बोलते त्या वेळी राघोबाजवळ नकार देण्याची शक्ती होती की नव्हती? आणि रामशास्त्र्यांसमोर जे गप्प राहतात, ते कशाच्या लोभाने अथवा भयाने? तिसऱ्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्यावे. १९०७ साली सुरतेस राष्ट्रसभेत फूट पडली, १९०८ साली टिळक मंडालेस गेले, आणि त्यानंतर वर्षभराने ‘केसरी’च्या परंपरेत वाढलेल्या खाडिलकरांचे हे नाटक आले. त्या काळच्या प्रेक्षकाला घरातील फूट ही केवळ पेशव्यांची गोष्ट वाटली नसावी.

आपल्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांच्या घरी वाटणीचा एखादा कागद असतोच. त्या कागदावर काय लिहिता येते आणि काय लिहिता येत नाही, हे त्यांना या नाटकाच्या आधारे विचारता आले, तर ‘ध’ आणि ‘मा’ यांच्या पलीकडचे नाटक त्यांच्या हाती लागेल.