बोरसुरीची तूर शोधयंत्राला दिसते कशी?

निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पानचिंचोलीची चिंच आणि कास्ती कोथिंबीर ही लातूर जिल्ह्यातली आणखी दोन नावेही त्या वर्षी यादीत गेली. मानांकनामुळे नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले, गिऱ्हाईक मात्र अजून मिळवायचे आहे. पुण्या-मुंबईच्या माणसाने मोबाइलवर या डाळीची चौकशी केली, की त्याच्यापुढे कोणते पान आधी यावे हे शोधयंत्र ठरवते. ते कसे ठरवते, याची मूळ तत्त्वे कधीच गुपित नव्हती. ती आपल्याकडच्या उत्पादकाला आणि दुकानदाराला कळलीच पाहिजेत, असे मला कळकळीने वाटते. ती ठाऊक नाहीत म्हणून त्याच्याकडून पैसे उकळले जातात.

आपण शोध घेतो त्या क्षणी गूगल जगभरच्या संकेतस्थळांवर धावत नाही. ते काम आधीच झालेले असते. त्याचे प्रोग्राम एका पानावरच्या दुव्यावरून दुसऱ्या पानावर जात राहतात, मजकूर उचलतात आणि ग्रंथाच्या शेवटी असते तशी शब्दसूची बनवतात: कोणता शब्द कोणकोणत्या पानांवर आहे. आपला शोध चालतो तो या सूचीत. त्यामुळे शब्द पानावर मजकूर म्हणून असणे ही पहिली अट. सगळी माहिती रंगीत पोस्टरवर छापून त्याचा फोटो संकेतस्थळावर चढवला, तर माणूस ती वाचतो, पण ती सूचीत नीट उतरेल याचा भरवसा नाही. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांमध्ये टंकलेल्या मराठीची अवस्था आणखी वाईट. त्या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीची चित्रे बसवली होती, त्यामुळे यंत्राला तिथे रोमन अक्षरांचा निरर्थक ढीग दिसतो.

सूचीतले सगळे शब्द सारख्या मोलाचे नसतात. केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली मांडले, की जो शब्द थोड्या दस्तऐवजांत आढळतो त्याला जास्त वजन द्यावे. समजा, सूचीत १० लाख पाने आहेत. ‘डाळ’ हा शब्द त्यातल्या १ लाख पानांवर आहे आणि ‘बोरसुरी’ फक्त १० पानांवर. एकूण पानांना त्या संख्येने भागून लॉगॅरिदम घेतला, तर ‘डाळ’चे वजन १ येते आणि ‘बोरसुरी’चे ५. म्हणजे ‘उत्तम दर्जाची डाळ’ असे पन्नास वेळा लिहिण्यापेक्षा गावाचे, तालुक्याचे, वाणाचे नाव एकदा नीट लिहिणे कितीतरी मोलाचे. छोट्या उत्पादकाची खरी ताकद इथेच आहे.

मग त्या दहा पानांत पहिले कोणते? १९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी त्याचे उत्तर दुव्यांत शोधले. संशोधनपत्रांचा मान त्यांना इतरांनी दिलेल्या संदर्भांवरून मोजण्याची पद्धत युजीन गारफिल्ड यांनी आधीच रूढ केली होती, तीच वेबवर आली. एक काल्पनिक वाचक पानांवरून हिंडतो आहे असे धरा. शंभरातल्या ८५ वेळा तो समोरचा एखादा दुवा धरून पुढे जातो, १५ वेळा मनाला येईल त्या पानावर उडी मारतो. असा तो हिंडत राहिला, तर ज्या पानावर जास्त वेळा पोचेल ते महत्त्वाचे. म्हणून परभणीच्या कृषी विद्यापीठाने बोरसुरीच्या पानाचा एक दुवा दिला, तर त्याची किंमत विकत घेतलेल्या शेकडो दुव्यांपेक्षा मोठी. शिवाय अशा विकतच्या दुव्यांना चाप लावणारा ‘पेंग्विन’ नावाचा बदल गूगलने २०१२ सालीच केला. आज क्रम ठरवताना आणखी पुष्कळ गोष्टी पाहिल्या जातात, पण दुव्यांचे महत्त्व संपलेले नाही.

मराठीची अडचण याच्याही आधी सुरू होते. आपले शब्द विभक्ती लागली की आतून बदलतात. तूर, पण तुरीची डाळ. कोथिंबीर, पण कोथिंबिरीची जुडी. लातूर, पण लातुरात. दीर्घ ऊकाराचा युनिकोड क्रमांक ०९४२ आणि ऱ्हस्वाचा ०९४१, म्हणजे निव्वळ क्रमांक जुळवणाऱ्या यंत्राच्या लेखी ‘तूर’ आणि ‘तुरी’ यांचे नाते पहिल्याच अक्षराशी तुटते. त्यात तूरडाळ, तूर डाळ, तुरीची डाळ ही तिन्ही रूपे आपण बिनदिक्कत वापरतो. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातला ऱ्य तर संगणकावर दोन वेगळ्या क्रमांकमालिकांनी उमटतो आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. गूगलने २०१९ साली शोधात ‘बर्ट’ हे भाषाप्रारूप आणले. अशी प्रारूपे शब्दाचे तुकडे करून संदर्भावरून अर्थ जुळवतात, त्यामुळे ही दरी पुष्कळ बुजली. पण ती शिकतात ती उपलब्ध मजकुरावरून, आणि वेबवर मराठी मजकूर इंग्रजीच्या मानाने फार थोडा आहे. आपल्या पिकांबद्दल, गावांबद्दल नीट मराठीत लिहिलेले प्रत्येक पान यंत्राचे शिक्षणही करते. तोवर पानावर तिन्ही रूपे वाक्यांच्या ओघात येऊ द्यावीत, आणि गावाचे नाव रोमन लिपीतही एकदा द्यावे, कारण कित्येक मराठी माणसे मराठी शब्द रोमन अक्षरांतच टंकतात.

नांदेडला हा प्रश्न लिप्यांचा होतो. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ साली जिथे देह ठेवला, त्या तख्ताच्या दर्शनाला पंजाबातून भाविक येतात. ते हजूर साहिब शोधतील, हुजूर साहेब शोधतील, गुरुमुखीत शोधतील. गुरुद्वाऱ्याजवळच्या निवासाचे पान फक्त मराठीत असेल, तर ज्याला ते हवे त्याच्यापर्यंत ते पोचणे कठीण. पंजाबी आणि हिंदी मजकुराची वेगळी पाने करावीत आणि ती एकमेकांना जोडावीत.

लातूरच्या शिकवणीवर्गांची गोष्ट निराळी. तिथे ‘नीट’, ‘लातूर’, ‘क्लासेस’ हे शब्द सगळ्यांच्याच पानांवर आहेत, तेव्हा दुर्मीळ शब्दाचा फायदा कोणालाच नाही. नकाशासह येणाऱ्या स्थानिक निकालांसाठी गूगल तीन गोष्टी सांगते: शोधाशी सुसंगती, अंतर आणि ठिकाणाची प्रसिद्धी. नेमका पत्ता, खऱ्या वेळा आणि विद्यार्थ्यांचे खरे अभिप्राय इथे कामाला येतात. तरीही ‘पहिल्या क्रमांकाची हमी’ देणारे फोन येत राहतात. अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, हे गूगलने आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिले आहे. फोन करणाऱ्याला पैसे देण्याआधी ‘सर्च कन्सोल’ ही गूगलची मोफत सोय उघडावी. आपली पाने सूचीत गेली आहेत का, आणि लोक काय टंकून आपल्यापर्यंत येतात, हे तिथे दिसते. बोरसुरीच्या उत्पादकाला तिथे ‘तुरीची डाळ’ दिसली आणि ‘तूरडाळ’ दिसली नाही, तर पानावर काय लिहायचे राहिले हे त्याचे त्यालाच कळेल.