कोळशाचा कालवा

कालवा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पाटाचे पाणी येते. नीरेचा कालवा, प्रवरेचा कालवा. चारी, पाटकरी, पाळी, आणि त्या पाळीसाठी हातात बॅटरी घेऊन शेतात काढलेल्या रात्री. आपल्या कालव्याचे काम रान भिजवण्याचे. पण ज्या कालव्याची ही हकीकत आहे, तो रान भिजवण्यासाठी खणलेलाच नव्हता. तो खणला कोळसा वाहून नेण्यासाठी.

हा कालवा इंग्लंडात, मँचेस्टर शहराजवळ आहे. त्याचे नाव ब्रिजवॉटर कालवा. सगळी मिळून लांबी चाळीस मैलांच्या आसपास. आपल्याकडच्या मोठ्या कालव्यांपुढे तो लहानच. पण या लहान कालव्याने एका शहराच्या चुलीचे, त्याच्या गिरण्यांचे आणि आसपासच्या शेतकऱ्यांचे दिवस पालटले. ते कसे, हे आपण शेतकऱ्यांनी मुद्दाम समजून घेण्यासारखे आहे. कारण माल पिकवणाऱ्याला काय मिळते आणि घेणाऱ्याला काय मोजावे लागते, हे पुष्कळदा मधल्या वाटेवर ठरते.

खाणीत पाणी, वाटेत चिखल

मँचेस्टरपासून सात-आठ मैलांवर वर्स्ली नावाचे गाव आहे. तेथल्या कोळशाच्या खाणी ब्रिजवॉटरचा ड्यूक फ्रान्सिस एजर्टन याच्या मालकीच्या होत्या. ड्यूक म्हणजे तिकडचा बडा जहागीरदार. १७३६ साली जन्मलेला हा तरुण, ठरलेले लग्न मोडल्यावर लंडनची चैन सोडून आपल्या जहागिरीत येऊन राहिला आणि खाणींच्या कामात गढून गेला.

खाणींपुढे दोन अडचणी होत्या. पहिली म्हणजे आत सारखे पाणी साचे. ते उपसता उपसता मालक आणि मजूर टेकीला येत. दुसरी अडचण वाटेची. कोळसा घोड्यांच्या पाठीवर लादून न्यावा लागे. एका घोड्यावर जेमतेम सव्वाशे किलो ओझे जाई. पावसाळ्यात रस्त्याचा चिखल होई. खाणीच्या तोंडाशी कोळशाचा जो भाव, तो मँचेस्टरला पोहोचेपर्यंत दुप्पट होई. खाणवाल्याला जास्त मिळत नव्हते, आणि घेणाऱ्याला स्वस्त पडत नव्हते. मधला सगळा पैसा वाट खात होती.

ड्यूकने तरुणपणी फ्रान्समधला मोठा कालवा पाहिलेला होता. त्याचा कारभारी जॉन गिल्बर्ट याला खाणीची खडान्‌खडा माहिती होती. या दोघांच्या विचारातून एक तोडगा निघाला. खाणीत साचणारे पाणीच बाहेर काढायचे आणि त्यावरच कालवा चालवायचा. म्हणजे खाण कोरडी होईल, कालव्याला पाणी मिळेल आणि कोळशाला वाटही होईल. एका घावात तीन तुकडे! १७५९ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने कालव्याला मंजुरी दिली.

पाण्यावरून पाणी

हे काम उभे केले जेम्स ब्रिंडली नावाच्या कारागिराने. तो मूळचा पाणचक्क्या बांधणारा आणि दुरुस्त करणारा. शाळेचे शिक्षण नावापुरतेच. लिहिण्याची त्याला सवय नव्हती. अवघड प्रश्न आला की तो एक-दोन दिवस अंथरुणात पडून विचार करी आणि उत्तर सापडले की उठून कामाला लागे, असे त्याच्याविषयी सांगतात.

ब्रिंडलीने कालवा होता होईल तो एकाच पातळीवर ठेवला. टेकडी आली तर वळसा, खोलगट जागा आली तर मातीचा भराव. पण मध्ये आडवी आली अर्वेल नदी. तेव्हा ब्रिंडलीने कालवाच नदीवरून न्यायचे ठरवले. बार्टन येथे तीन कमानींचा, सुमारे दोनशे यार्ड लांबीचा दगडी जलसेतू बांधायचा, खाली नदी आणि वर जवळजवळ चाळीस फुटांवर कालवा! हे म्हणजे हवेतला वाडा, अशी एका इंजिनियरने थट्टा केली.

वर पाणी थोपवायचे तर ते पाझरता कामा नये. यासाठी ब्रिंडलीने जे केले, ते आपल्या भात पिकवणाऱ्या शेतकऱ्याला लगेच कळेल. खाचरात पाणी टिकावे म्हणून आपण चिखलणी करतो. त्याने चिकणमाती, वाळू आणि पाणी एकत्र करून ते चांगले मळून घेतले आणि त्याचे थरावर थर कालव्याच्या तळाशी व कडांना दाबून बसवले. पाझर थांबला. १७ जुलै १७६१ रोजी बार्टनच्या पुलावरून पहिली नाव गेली. खालून नदीतल्या नावा, वरून कालव्यातली नाव, हा देखावा बघायला पुढे कित्येक वर्षे लांबलांबून लोक येत.

भाव निम्म्यावर

ज्या घोड्याच्या पाठीवर सव्वाशे किलो ओझे जाई, तोच घोडा काठावरून चालत दोराने तीस टनांची नाव ओढू लागला. कालवा शहराशी जोडला गेला आणि मँचेस्टरमध्ये कोळशाचा भाव निम्म्यावर आला. कडाक्याच्या थंडीत अर्धी शेगडी पेटवणाऱ्या गरिबाच्या घरी ऊब आली. पुढे वाफेची यंत्रे आली, गिरण्या वाढल्या. त्यांना लागणारा कोळसाही स्वस्तात मिळू लागला.

वर्स्लीच्या खाणीत तर कालवा जमिनीच्या पोटातच शिरला. वाढत वाढत भुयारातल्या कालव्यांची लांबी ४६ मैल झाली. त्यात चालणाऱ्या नावा अरुंद, आतल्या लाकडी फासळ्या उघड्या दिसणाऱ्या. बरगड्या निघालेल्या माणसासारख्या दिसतात म्हणून मजुरांनी त्यांना ‘उपाशी’ अशा अर्थाचे नाव दिले होते. हे नाव नावेचे असले, तरी त्या अंधारात राबणाऱ्या माणसांचीही अवस्था फारशी वेगळी नव्हती. त्या काळी इंग्लंडात बायका आणि लहान मुलेही खाणीत उतरत. बायकांना आणि दहा वर्षांखालच्या मुलांना खाणीत कामाला लावण्याची बंदी करणारा कायदा १८४२ साली झाला. स्वस्त कोळशाची ही दुसरी बाजूही विसरता येत नाही.

शेतकऱ्याच्या दारात

कालवा कोळशासाठी झाला, तरी त्याचा फायदा काठच्या शेतकऱ्यालाही झाला. एक फाटा ऑल्ट्रिंगहॅम गावाजवळ पोहोचला. मँचेस्टरची पेठ आता नावेच्या वाटेवर आली. तेव्हा तेथले शेतकरी भाजीपाल्याकडे वळले, आणि पुढे कित्येक वर्षे ते गाव भाजीसाठी नावाजलेले राहिले. माल नावेतून जाई, त्यामुळे गाडीतले हादरे आणि धक्के त्याला बसत नसत.

परतीची नावही रिकामी येत नसे. शहरातली लीद आणि मैला काठच्या शेतांवर खत म्हणून येऊ लागला. शहराची घाण निघाली आणि रानाला जोर आला. शेतातून शहराला भाजी आणि शहरातून शेताला खत, हा हिशेब आपल्या जुन्या माणसांना सांगावा लागणार नाही.

कर्ज आणि कमाई

ड्यूकला आणखी पुढे जायचे होते. मर्सी नदीच्या मुखाजवळ रनकॉर्नपर्यंत कालवा नेला, तर लिव्हरपूल बंदराचा माल थेट मँचेस्टरला येणार होता. पण पैसा संपला. १७६५ मध्ये त्याने लंडनच्या एका पेढीकडून २५,००० पौंड कर्ज काढले आणि स्वतःचा खर्च आवळला. ब्रिंडली १७७२ मध्ये वारला. पुरा झालेला कालवा काही त्याला पाहता आला नाही. सगळा मार्ग १७७६ मध्ये खुला झाला.

मँचेस्टर ते लिव्हरपूल एक टन माल नेण्यास रस्त्याने ४० शिलिंग पडत, नदीने १२ शिलिंग. कालव्याने ६ शिलिंगांत काम होऊ लागले. कर्ज फिटले. १८०३ साली ड्यूक वारला तेव्हा तो इंग्लंडातल्या बड्या धनवंतांत गणला जात होता.

पण वाट एकाच्याच हाती राहिली की काय होते, तेही पुढे दिसले. ड्यूकमागून कारभार विश्वस्तांकडे गेला. गिरण्या वाढल्या, कापसाच्या गासड्यांची रीघ लागली, आणि दर चढे राहिले. माल धक्क्यावर पडून राही. अमेरिकेहून समुद्र ओलांडायला लागतो तेवढा वेळ कधीकधी लिव्हरपूलहून मँचेस्टरला यायला लागतो, अशी व्यापाऱ्यांची तक्रार होती. शेवटी त्यांनी दुसरी वाट काढली. १५ सप्टेंबर १८३० रोजी लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली. गंमत अशी, की कालव्याचे उत्पन्न ज्या सरदाराला मिळत होते, त्यानेच या रेल्वेत एक लाख पौंड घातले होते! रेल्वेशी स्पर्धा आल्यावर कालव्याला दर उतरवावे लागले, आणि दर उतरल्यावर तो पुढेही टिकला.

आपल्या कापसाचा संबंध

मँचेस्टरच्या या भरभराटीशी आपलाही संबंध आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिकडचा कापूस अडला. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या, मजुरांची उपासमार झाली. तेव्हा वऱ्हाड-खानदेशाच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पण आपल्या शेतकऱ्याची वाट कशी होती? काळ्या रानातून बैलगाड्या आणि लमाणांचे तांडे! मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोहोचली १८६७ साली. तोवर युद्ध संपले होते आणि भाव कोसळले होते. मागणी आली तेव्हा वाट नव्हती, आणि वाट झाली तेव्हा तो भाव राहिला नव्हता.

आजचा कालवा

वर्स्लीच्या भुयारांतून कोळसा येणे १८८७ मध्ये थांबले. बार्टनचा जुना दगडी पूलही गेला. खाली मोठ्या जहाजांचा कालवा झाल्यामुळे १८९४ मध्ये त्या जागी लोखंडी फिरता जलसेतू आला. जहाज आले की पाण्याने भरलेला अख्खा सेतू बाजूला वळतो. तो आजही चालतो. कालव्यावरची मालवाहतूक १९७४ च्या सुमारास संपली. शेवटी शेवटी त्यातून धान्य जात असे. आता तेथे हौशी लोकांच्या नावा फिरतात. खाणीतल्या लोखंडामुळे वर्स्लीजवळ पाण्यावर तांबूस झाक दिसत आली आहे.

१ जानेवारी २०२५ रोजी जोराच्या पावसानंतर डनहॅम मॅसीजवळ या कालव्याचा भराव फुटला आणि आसपासच्या शेतांत पाणी शिरले. अडीचशे वर्षांचे काम झाले, तरी डागडुजी कधी संपत नाही. चारीचा काठ खचला की काय होते, हे आपल्याला सांगायला नको.

या कालव्याने कोळसा निर्माण केला नाही; कोळसा खाणीत होताच. त्याने फक्त वाट सोपी केली, आणि तेवढ्याने भाव निम्म्यावर आला. आपल्या गावातून बाजारापर्यंतची वाट कशी आहे, ती कोणाच्या हाती आहे आणि तिच्या दुरुस्तीकडे कोण बघतो, हे प्रश्न म्हणूनच बियाण्या-खताइतके महत्त्वाचे आहेत. पुढच्या ग्रामसभेत रस्त्याचा विषय निघाला, तर तो कंटाळवाणा म्हणून उठून जाऊ नका. आपल्या मालाचा भाव त्यातच आहे.